गावच्या कबड्डी मंडळाला मोबाइलवर कसं उभं करायचं

सोयाबीन घरात आलं, दिवाळी झाली की विदर्भात मैदानं आखायला सुरुवात होते. भंडारा-गोंदियाकडे धानाची कापणी आणि मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा), यवतमाळ-वर्ध्याकडे कापसाची वेचणी, आणि त्यातूनच वेळ काढून गावोगावी रात्रीचे कबड्डी सामने. पंचावन्न किलोचे, पासष्ट किलोचे, खुले, मुलींचे. माणसं ट्रॉलीवर, भिंतीवर, झाडावर बसून पाहतात. दुसऱ्या दिवशी मात्र कोण जिंकलं, कोणाची चढाई भारी झाली, हे शोधायला गेलं तर नेटवर काहीच सापडत नाही. एसटी स्टँडवरचं फ्लेक्स तेवढं उरतं, तेही वाऱ्याने फाटेपर्यंत.

आपल्याकडच्या खेळाडूंनी आपला खेळ बाहेर नेल्याची परंपरा जुनी आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्या काळी त्यासाठी जहाज लागायचं. आज पंधरा हजारांचा मोबाइल पुरतो. नियमाने काम करणारी दोन माणसं मात्र हवीत.

माझं ठाम मत आहे की मंडळाच्या प्रसिद्धीचं पहिलं काम नोंदीचं आहे. पोराचं नाव बरोबर लिहिलेलं, तारीख-ठिकाण खरं, निकाल त्याच रात्री टाकलेला, एवढं सातत्याने झालं की पालक, दुसऱ्या तालुक्यातले संघ, देणगीदार आपोआप विचारत येतात. रील, लाइव्ह, वेबसाइट हे सगळं या पायावर उभं राहतं. म्हणून खालचा क्रम तसाच ठेवला आहे.

खातं उघडायच्या आधी

मंडळाच्या नावाने एक स्वतंत्र जीमेल खातं काढा. अध्यक्षाच्या मुलाचं नको, कोचचं नको, आणि सतरा वर्षांच्या खेळाडूचं तर अजिबात नको. गावात मोबाइल चांगला चालवणारा पोरगा साधारण दोन वर्षांत पुण्याला नाहीतर नागपूरला कामाला जातो. खातं त्याच्या नंबरवर असेल तर पासवर्डही त्याच्यासोबत जातो, आणि मग तेच मंडळ नव्या नावाने पुन्हा शून्यापासून सुरू होतं. रिकव्हरीसाठी मंडळाच्या सचिवाचा आणि आणखी एका जबाबदार माणसाचा नंबर द्या, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. बॅकअप कोड कागदावर लिहून मंडळाच्या दप्तरात, ठरावाच्या वहीसोबत ठेवा. प्रत्येक खात्यावर किमान दोन ॲडमिन असलेच पाहिजेत.

मग नाव ठरवा. नोंदणी प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच सगळीकडे, त्याच शुद्धलेखनात. सोबत गाव, तालुका, जिल्हा. जय बजरंग, जय हनुमान, नवयुवक या नावांची मंडळं गावोगावी आहेत आणि पिंपळगाव, वडगावही एकाहून जास्त जिल्ह्यांत आहेत. गावाचं नाव जोडलं नाही तर तुमची कामगिरी दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. नाव मराठीत आणि रोमन लिपीत, दोन्हीकडे लिहा. पोरं सर्च करताना रोमनमध्येच टाइप करतात, घरची मोठी माणसं मराठीत बोलून शोधतात.

व्हॉट्सॲपपासून सुरुवात

गावात अजूनही बातमी व्हॉट्सॲपवरच फिरते, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने फक्त यावर दिले तरी चालेल.

ग्रुप आणि चॅनेल यांतला फरक समजून घ्या. ग्रुपमध्ये १,०२४ माणसं बसतात, पण प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. चॅनेलला कोणीही फॉलो करू शकतं आणि फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. त्यामुळे सामन्याची तारीख, निकाल, फोटो असं जाहीर काम चॅनेलवर करा. खेळाडू आणि पालकांचे ग्रुप छोटे ठेवा, मुलींचा वेगळा ठेवा आणि त्यात फक्त पालक, महिला प्रशिक्षक आणि एक पदाधिकारी घ्या. मुलींचे नंबर चारशे माणसांच्या ग्रुपमध्ये पडायला नकोत. घरच्यांनी पोरीला मैदानावर पाठवणं बंद करायला तेवढं कारण पुरेसं असतं.

जाहीर ग्रुप ठेवायचाच असेल तर "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात" ही सेटिंग लावा. नाहीतर शुभ सकाळ आणि राजकारणात तुमची स्पर्धेची तारीख वाहून जाते.

ब्रॉडकास्ट लिस्टवर (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) फार भिस्त ठेवू नका. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो मेसेज मिळतो. व्हॉट्सॲप बिझनेस ॲप फुकट आहे, त्यात मंडळाचा पत्ता, सरावाची वेळ आणि "नमस्कार भाऊ, सराव रोज संध्याकाळी ५:३० ला असते" असं आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवता येतं.

मैदान नकाशावर आणा

या पायरीला खर्च नाही, तरी बहुतेक मंडळं ती करत नाहीत. गुगल बिझनेस प्रोफाइल उघडा, प्रकारात स्पोर्ट्स क्लब निवडा, पिन नेमकी मैदानावर ठेवा. खात्री करून देण्यासाठी गुगल बऱ्याचदा व्हिडिओ मागतं: रस्ता, मैदान, मंडळाच्या नावाची पाटी, आणि तुम्ही इथले जबाबदार आहात हे दाखवणारं काहीतरी. म्हणून आधी पाटी रंगवून लावा. मैदान ग्रामपंचायतीचं किंवा जिल्हा परिषद शाळेचं असेल तर त्यांना सांगून, शक्यतो पत्र घेऊन हे करा.

प्रोफाइल मंजूर झाल्यावर मैदानाचे दिवसाचे चार चांगले फोटो टाका. मग बाहेरचा संघ रात्री गाडी घेऊन येतो तेव्हा "पुलाच्या पुढं डावीकडं, मग कोणालाही विचारा" असं फोनवर सांगत बसावं लागत नाही. लिंक पाठवली की काम होतं.

स्पर्धेचं पोस्टर

एका फ्लेक्सवर वीस-पंचवीस चेहरे असतात आणि तारीख शोधावी लागते. मान्यवरांचा मान राखायलाच हवा, गावात राहायचं तर ते गरजेचं आहे. त्यांच्यासाठी वेगळं पोस्टर करा. खेळाडूंसाठीच्या पोस्टरवर एवढंच असू द्या: स्पर्धेचं नाव, वजनगट, तारीख आणि वार, वजन घेण्याची वेळ, प्रवेश फी, बक्षिसं, मातीवर की मॅटवर, जेवणाची-मुक्कामाची सोय, गाव-तालुका-जिल्हा आणि दोन फोन नंबर. एक नंबर नेहमी व्यस्त असतो.

"राज्यस्तरीय" हा शब्द जपून वापरा. कबड्डीत विदर्भाची संघटना उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळी आहे, खो-खोतही तसंच. स्पर्धा संघटनेच्या मान्यतेने होत असेल तर तसं स्पष्ट लिहा, नसेल तर "भव्य खुली स्पर्धा" लिहा. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यात मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्रच चालतं. पोस्टर वाचून पोरगा दुसऱ्या जिल्ह्यातून खर्च करून येतो, त्याला आधीच खरं कळायला हवं.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. डिझाइन करणारा दुकानदार बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये काम करतो. त्यातला मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की अक्षरांचा चिवडा होतो. आणि पोस्टर चित्रच असल्यामुळे त्यावरचं गावाचं नाव सर्चमध्ये येईलच याची खात्री नसते. म्हणून तोच सगळा मजकूर मोबाइलच्या युनिकोड कीबोर्डवर टाइप करून पोस्टरखाली लिहा. उदाहरणार्थ:

"खुली कबड्डी स्पर्धा, ६५ किलो वजनगट. शनिवार-रविवार. वजन शनिवारी दुपारी २ ते ५, त्यानंतर वजन घेतलं जाणार नाही. आधार कार्डाची मूळ प्रत आणा. सामने मातीवर, रात्री उजेडात. बाहेरगावच्या संघांची जेवणाची सोय आहे. मैदानाची लिंक खाली. फोन: दोन नंबर."

गाडीवरचा भोंगा बंद करू नका. आठवडी बाजारात अजूनही त्याचाच आवाज पोचतो. पोस्टरवर आणि बाजारातल्या बॅनरवर चॅनेलचा क्यूआर कोड मात्र छापा.

सामना शूट करणं आणि लाइव्ह दाखवणं

यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या, कारण लोकांना बघायचा असतो तो खेळ.

पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. मोबाइल मध्यरेषेच्या सरळ रेषेत, बाजूला ठेवला तर दोन्ही अंगणं एका चौकटीत येतात. पण त्यासाठी दहा-बारा मीटर मागे जावं लागतं, आणि तिथवर प्रेक्षक उभे असतात. उपाय गावातच आहे: ट्रॅक्टरची ट्रॉली मध्यरेषेसमोर उभी करा, त्यावर टेबल, टेबलावर स्टँड. मोबाइल जमिनीपासून आठ-दहा फूट वर गेला की माणसांची डोकी खाली राहतात. ट्रॉलीवर दोघांशिवाय कोणालाही चढू देऊ नका, नाहीतर प्रत्येक टाळीला चित्र हलतं.

उंचीचा दुसरा फायदा उजेडात दिसतो. समोरच्या खांबांवरचे हॅलोजन थेट कॅमेऱ्यात आले की खेळाडू काळे आकार होतात. मोबाइल वरून खाली झुकवला की दिवे चौकटीच्या बाहेर जातात. मग मैदानाच्या मधोमध बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. हे केलं नाही तर पांढऱ्या जर्सीचा खेळाडू समोर आला की चित्र अंधारतं, तो गेला की उजळतं. फक्कीची पांढरी रेष नीट दिसते का, बोनस रेषेवरचा पाय कळतो का, हे सामना सुरू व्हायच्या आधी एक चढाई रेकॉर्ड करून पाहा. पंचांच्या निर्णयावर रात्रभर वाद घालणारे प्रेक्षक नंतर तेवढंच बघणार आहेत.

आवाजाकडेही लक्ष द्या. भोंग्याच्या तोंडासमोर मोबाइल ठेवला तर आवाज फाटतो. समालोचकाला साधा कॉलर माइक लावून तो थेट मोबाइलला जोडा. आणि समालोचन आपल्या बोलीत करू द्या. वऱ्हाडी किंवा झाडीबोलीत रंगलेलं समालोचन ऐकायला नागपूर, पुणे, सुरतेला गेलेली आपली माणसं थांबतात. टीव्हीसारखं हिंदी बोलायचा अट्टहास नको.

यूट्यूबवर मोबाइलवरून लाइव्ह जायचं तर चॅनेलला ५० सबस्क्रायबर लागतात, फोन नंबर व्हेरिफाय करावा लागतो, आणि पहिल्यांदा परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो. गावात ५० माणसं एका संध्याकाळी होतात, पण ती संध्याकाळ स्पर्धेच्या आठवडाभर आधीची हवी.

आता नेटचा हिशेब. ७२०पी दर्जाच्या व्हिडिओला साधारण ४ एमबीपीएस अपलोड स्पीड धरा. त्या वेगाने तासाला जवळपास १.८ जीबी डेटा जातो, म्हणजे रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर रात्रभराचा कार्यक्रम होत नाही. वेगळं डेटा व्हाउचर मारा. त्याहून मोठी अडचण म्हणजे गर्दी झाली की टॉवर बसतो. दुपारी रिकाम्या मैदानावर तपासलेला स्पीड रात्री नऊला मिळत नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम तयार ठेवा, आणि कोणाच्या घरी फायबर असेल तर तिथून वाय-फाय ओढता येतं का बघा. तरीही जमत नसेल तर लाइव्हचा नाद सोडा. सामना नीट रेकॉर्ड करा, मध्यंतराला आणि शेवटी चॅनेलवर गुण टाका, व्हिडिओ सकाळी चढवा. अडकत अडकत चाललेल्या लाइव्हपेक्षा ते कितीतरी बरं. लाइट जातेच हे धरून पॉवर बँक आणि चार्जर ट्रॉलीवर ठेवा.

लाइव्ह सलग रात्रभर ठेवू नका. १२ तासांपेक्षा लांब लाइव्ह यूट्यूब आपोआप साठवत नाही, आणि साठवला तरी नऊ तासांच्या व्हिडिओत आपला सामना कोण शोधणार? प्रत्येक सामना वेगळा करा. ते शक्य नसेल तर वर्णनात वेळा लिहा: ०:०० पासून सुरुवात, मग प्रत्येक सामन्याची वेळ आणि दोन्ही गावांची नावं. किमान तीन वेळा ओळीने लिहिल्या की त्यांचे आपोआप भाग पडतात. या वेळा मात्र इंग्रजी अंकांत टाका.

सामन्याच्या मध्ये डीजे सिनेमाची गाणी वाजवतो, ती व्हिडिओत आली की कॉपीराइटचा दावा येतो, कधी आवाजच बंद होतो. त्या वेळात लाइव्हचा आवाज म्यूट करा. ढोल-ताशा वाजवायला कोणाची हरकत नसते.

इन्स्टाग्रामवर चढाई

कबड्डीतली एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची असते, आणि एका रीलला तेवढं पुरतं. आडव्या व्हिडिओतून उभी चौकट कापण्यापेक्षा कोपऱ्यात बसलेल्या दुसऱ्या पोराला उभा मोबाइल देऊन फक्त चढाया आणि पकडी टिपायला सांगा. पहिल्या दोन सेकंदांत खेळ दिसला पाहिजे, मंडळाचा लोगो फिरत बसायला नको. वर ठळक मराठीत लिहा: "शेवटची चढाई, एक गुण हवा."

समोरच्या संघाला कोलॅबचं आमंत्रण पाठवा. त्यांनी स्वीकारलं की तीच रील दोन्ही गावांत दिसते. हरलेल्या संघाची चांगली पकडही टाका, पुढच्या वर्षी ते तुमच्या मैदानावर आनंदाने येतील. प्रोफाइलच्या वरच्या तीन पिन जागांवर सरावाची माहिती, वर्षातली सर्वोत्तम रील आणि आगामी स्पर्धा ठेवा.

दर्जाच्या चिंतेपेक्षा नियमितपणाची चिंता करा. हंगामात आठवड्याला तीन पोस्ट, पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत एक. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा सकाळचा सराव, पाणी कधी-किती प्यायचं, घोटा कसा जपायचा हे दाखवा. २९ ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन, त्याच सुमारास शाळांच्या तालुका स्पर्धा, पोळा. विषय कमी पडत नाहीत.

फेसबुकला कमी लेखू नका, पालक आणि देणगीदार तिथेच आहेत. तीच रील तिकडेही टाकली तरी काम होतं.

लेकरांची सुरक्षितता

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. प्रवेश अर्जासोबतच संमतीचा कागद जोडा: फोटो चालेल का, व्हिडिओ चालेल का, नाव चालेल का, अशा वेगवेगळ्या ओळी आणि पालकाची सही. मुलींच्या घरी शक्यतो ताई किंवा मॅडमनीच जाऊन समजावून सांगावं. ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्यावर दबाव नको, त्यांचा फोटो वगळा.

अल्पवयीन मुलाचं पूर्ण नाव, शाळा, घरचा पत्ता आणि सरावाला यायची-जायची वेळ एकाच पोस्टमध्ये देऊ नका. पहिलं नाव आणि जर्सी नंबर पुरे. मुलींच्या रीलवर कमेंट मर्यादित ठेवा, घाण शब्दांचा फिल्टर लावा, आणि मराठी शिव्याही त्यात हाताने भरा, कारण तयार यादीतून त्या निसटतात. इनबॉक्स मोठ्या माणसाने सांभाळावा. "ट्रायलसाठी निवड झाली, फी भरा" असे मेसेज खेळाडूंना येतात. असा मेसेज आला की आधी कोचला दाखवायचा, हा नियमच करा.

वेबसाइट: एक पान पुरे

सोशल मीडियावरची पोस्ट आठवड्यात खाली जाते. मंडळाचा कायमचा पत्ता म्हणून एक साधं पान हवं. गुगल साइट्सवर ते फुकट होतं, कोडिंग लागत नाही. कॉम्प्युटर सेंटरवर बसून करणार असाल तर उठताना लॉगआउट करायला विसरू नका.

पानावर काय असावं: स्थापनेचं वर्ष, नोंदणी क्रमांक, मैदानाचा नकाशा, सरावाच्या वेळा, वयोगट, फी असल्यास फी, प्रशिक्षकांची पात्रता, संपर्क. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर्षनिहाय निकाल. स्पर्धा, ठिकाण, तारीख, अंतिम सामन्याचे गुण, संघातले खेळाडू. जुन्या शिल्डवरची, वर्तमानपत्रातल्या कात्रणांवरची माहिती म्हाताऱ्या खेळाडूंकडे बसून गोळा करा. हे काम इतर कोणीही तुमच्यासाठी करणार नाही.

स्वतःचं डोमेन घ्यायचं तर ते मंडळाच्या ईमेलवर घ्या. नूतनीकरणाची तारीख कोषाध्यक्षाच्या डायरीत लिहा.

देणगी आणि प्रायोजक

कृषी सेवा केंद्र, राइस मिल, जिनिंग, ट्रॅक्टरचं शोरूम यांच्याकडे नुसती पावती घेऊन जाऊ नका. गेल्या स्पर्धेच्या व्हिडिओत बॅनर दिसतो तो क्षण आणि खालचा पाहणाऱ्यांचा आकडा, दोन्ही मोबाइलवर दाखवा. "शेटजी, एवढ्या लोकांनी पाहिलं, यंदा मॅटच्या कडेला तुमचं नाव लावू" हे बोलणं पटतं.

मोठ्या कंपन्यांचा सीएसआर निधीही (समाजकामासाठी कंपनीने खर्च करायचा पैसा) मागता येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलं आहे. चंद्रपूरकडे सिमेंटचे आणि कोळशाचे उद्योग आहेतच. पण त्यासाठी मंडळाची नोंदणी, हिशेब तपासणी, सीएसआर-१ अर्ज (या निधीसाठीची सरकारी नोंदणी) हवा. हे कागद वेबसाइटवर आधीच असले की पहिली भेट वाया जात नाही.

यूपीआयचा क्यूआर मंडळाच्या बँक खात्याचाच लावा. कोणा एकाच्या खासगी खात्याचा लावला तर चांगला माणूसही संशयात येतो. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, हे कोषाध्यक्षाला पक्कं माहीत असू द्या. "देणगी पाठवतो, पिन टाका" म्हणणारा फोन फसवणुकीचा असतो. स्पर्धा संपली की जमा-खर्च चॅनेलवर टाका.

काय उपयोग झाला, हे कसं कळणार

लाइक मोजू नका. प्रवेशाच्या वहीत एक रकाना वाढवा: "मंडळाबद्दल कुठून कळलं?" स्पर्धेला येणाऱ्या संघालाही तेच विचारा. तीन महिन्यांनी वही उघडली की कुठे मेहनत घ्यायची ते दिसतं. पैसे देऊन पोस्ट बूस्ट करायची असेल तर फक्त स्पर्धेच्या आठवड्यात, मैदानाभोवतीच्या चाळीस-पन्नास किलोमीटरपुरती करा.

आणि दर वर्षी पोळ्याच्या सुमारास, हंगाम तोंडावर यायच्या आधी, एक संध्याकाळ देऊन सगळं तपासा. ॲडमिन कोण आहेत, गाव सोडून गेलेल्याचा नंबर कुठे राहिला आहे का, नकाशावरच्या सरावाच्या वेळा बरोबर आहेत का. मागच्या स्पर्धेच्या प्रवेश अर्जाची लिंक बंद करा, पोस्टवर "स्पर्धा संपली" असं लिहा. नाहीतर यंदाच्या जानेवारीतही एखादा संघ गेल्या वर्षीच्या तारखेला गाडी ठरवून बसेल.